कोमट तेल

“गळ्यातली ही गाठ कधी दुखली नाही?” डॉक्टर देवश्रींनी विचारलं.

“कसली गाठ?” शामकांत गोंधळले. बायकोला त्यांनी नगरच्या या दवाखान्यात आणलं होतं ते पाठीसाठी. गेल्या आठवड्यात पलंगावरून उतरताना प्रेमलाताईंच्या पायांतलं बळच गेलं होतं.

डॉक्टरांनी शामकांतांचं बोट धरून प्रेमलाताईंच्या गळ्याला लावलं. आवंढा गिळताना वाटाण्याएवढं काहीतरी वर सरकलं, खाली आलं.

“मूळ दुखणं हे आहे, काका. थायरॉइडचा कॅन्सर. गळ्यात गप्प बसला आणि मणक्यात उतरला. तपासणीला पाठवलेल्या हाडाच्या तुकड्यात थायरॉइडच्याच पेशी निघाल्या. उपचार आहेत, आज पुण्याला हलवू. पण काकू, तोवर कूससुद्धा वळायची नाही. मणका आतून पोखरलाय. घरी कुणी पाठ रगडत वगैरे नव्हतं ना?”

“छे, कोण रगडणार?” प्रेमलाताई छताकडे बघत चटकन म्हणाल्या. मान वळवता येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना उशा खोचल्या होत्या.

कोर्टातली नोकरी संपल्यापासून रोज दुपारी शामकांत तेल कोमट करून तिची पाठ रगडत. चांगला जोर लावून. ती कण्हली की म्हणत, “नस मोकळी होतेय. सोस जरा.” आता गप्प बसलं तर निभावत होतं. बोललं तर बायको खोटी पडत होती. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहू लागल्या.

“मी रगडत होतो,” ते म्हणाले. “रोज.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. “त्यानं रोग झालेला नाही, काका.” मग त्या पलंगाकडे वळल्या. “पण तुम्हाला खूप दुखत असणार. सांगितलं का नाही?”

“दुखायचं ना,” प्रेमलाताई म्हणाल्या. “पण हे तासभर जवळ बसायचे. उभ्या संसारात पहिल्यांदाच.”



दोन सिस्टर स्ट्रेचर घेऊन आल्या. त्यांतली एक म्हणाली, “काका, तिकडून चादरीला हात लावा. अगदी अलगद.”

शामकांत उठून पलंगापाशी गेले. हात मात्र पुढे होईनात.