उन्हात उभी

दादरची गाडी फलाटाला लागली आणि सुदाम चढायच्या ऐवजी मागं फिरला. पनवेल स्टँडच्या कुंपणापाशी कडुलिंबाची सावली होती, तिथं जाऊन तो उकिडवा बसला. डोक्यावरून घेतलेला टॉवेल त्यानं डाव्या कानावर आणखी खाली ओढला.

"मी नाय येत," तो म्हणाला. "कान कापतील माजा."

एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मनिषाचा हात धरून गंगू नवऱ्यासमोर उभी राहिली. बाप आणि लेक, दोघंही जन्माचे पांढरे. केस, भुवया, पापण्यासुद्धा. नेरे गावाच्या वर डोंगरातल्या वाडीत सुदामला सगळे भुऱ्याच म्हणत. भाताच्या खाचरात, वीटभट्टीवर तो पोरवयापासून उघड्या अंगानं राबला. कातडी लाल व्हायची, सोलायची, परत यायची. गेल्या पावसाळ्यात कानाच्या पाळीवर खपली धरली. ती पडायची, रक्त यायचं, पुन्हा धरायची. आता खपली राहिलीच नव्हती. नुसती जखम होती, आणि ती कान खात चालली होती.

कालच सरकारी दवाखान्यात नीताबाई डॉक्टरांनी ती बघितली होती. "हा कॅन्सर आहे, उन्हानं झालेला," त्या म्हणाल्या होत्या. "अजून कानापुरताच आहे. उद्याच मुंबईला जा. आत्ता कापून काढला तर माणूस वाचेल, मानेत उतरला तर कुणाच्याच हातात नाही." मग त्यांनी मनिषाचा गाल बोटानं चाचपला. "आणि हिला उन्हात काढू नका. लांब बाह्या, डोक्याला कापड. हिचीही कातडी तशीच आहे."

"उठ," गंगू म्हणाली. "गाडी सुटंल."

"मंगळ्या भगतानं पाला दिलाय. सुकतंय त्यानं."

"काय सुकतंय? सकाली गोधडी रक्तानं चिकटली होती."

"उन्हानं कदी कोन मेलाय काय? आख्खी वाडी उन्हातच हाय." सुदामनं मान फिरवली. "डागतरीन काय पन सांगते. मी हितनं परत जातंय."

"दादर, दादर!" कंडक्टर ओरडला. ड्रायव्हर तंबाखू मळत गाडीकडं निघाला.

रात्रभर हेच बोलून गंगूचे शब्द संपले होते. ओढून न्यावं तर गडी हलायचा नाही. तिनं गाडीकडं बघितलं, मग लेकीकडं. मनिषाच्या अंगात बापाचा जुना सदरा होता, घोट्यापर्यंत आलेला. डोक्याला फडकं बांधलं होतं. गंगू खाली बसली. फडकं सोडलं, सदऱ्याची बटणं काढली. आत बिनबाह्यांचा झबला होता. पोरीला तिनं सावलीतून बाहेर नेलं आणि डांबर चकाकत होतं तिथं मधोमध उभं केलं.

"हितं रा. हलू नको."

मनिषानं डोळे गच्च मिटले. उजेडात तिला ते उघडताच यायचे नाहीत. तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले.

"गंगे, काय चाललाय तुजा?"

"तूच बोललास ना, उन्हानं कोन मरत नाय? मंग उभी रावू दे. तू नाय आलास तर उद्यापासून हिला पन भट्टीवर नेतंय."

लोक थांबायला लागले. हातात पर्स असलेली एक बाई धावत आली आणि तिनं आपली छत्री पोरीवर धरली. "अहो, काय करताय हे? भाजेल ना लेकरू!"

गंगूनं छत्री बाजूला सारली. "तुमी मदी नका पडू, बाई."

पोरीचे खांदे गुलाबी झाले, मग लाल. सुदाम उठलाच नाही तर पुढं काय, हे गंगूनं ठरवलंच नव्हतं. पाय आपोआप पुढं व्हायला बघत होते. तिनं ते जमिनीत रोवून धरले.

"घे तिला, गंगे."

"तू घे."

गाडी सुरू झाली. कंडक्टरनं दोरीला हात घातला. तेवढ्यात मनिषा रडली. आईला नाही, तिनं हाक बापाला मारली.

"बा!"

सुदाम उठला. सरळ गंगूच्या अंगावर आला, हात उगारलेला. तो हात तसाच थांबला. मग त्यानं डोक्यावरचा टॉवेल ओढून काढला, त्यात पोरीला गुंडाळलं आणि उचलून घेतलं.

साऱ्या स्टँडनं त्याचा कान बघितला. एकजण मागं सरला, दुसऱ्यानं नाकाला रुमाल लावला. सुदामनं कुणाकडं बघितलं नाही. तो गाडीत चढला.

"मुंबईपतूर ऊन कंच्या बाजूला असंल?" त्यानं विचारलं.

कंडक्टर त्याच्या कानाकडं बघत राहिला होता. "डावीकडं," तो म्हणाला. "उजवीकडं बसा."

गाडी खाडीच्या रस्त्याला लागली तेव्हा गंगूनं पिशवीतल्या बाटलीतलं पाणी पदरावर ओतलं आणि ओला पदर लेकीच्या खांद्याकडं नेला. मनिषानं अंग चोरलं आणि तोंड बापाच्या छातीत खुपसलं. गंगूचा हात हवेतच राहिला.

तिच्या हातातलं पदराचं ओलं टोक सुदामनं घेतलं आणि हळूहळू पोरीचा खांदा टिपू लागला.

गाडीत बऱ्याच जागा रिकाम्या होत्या. पदर त्याच्या हातातून सुटू नये म्हणून गंगू वाकून तशीच उभी राहिली.