कोपरावरचं ठिगळ

कोर्टाच्या फाटकापाशी शिलाई मशीन टाकून बसलेल्या केरबाने वकीलबाईंच्या हातातला काळा कोट लगेच ओळखला. कोपरावरचं ठिगळ त्यानेच लावलं होतं.

चार महिन्यांपूर्वी पोलिसांनी त्याच्या मुलाला धरलं, तेव्हा सरकारकडून फुकट मिळणाऱ्या वकील म्हणून याच बाई पुढे आल्या होत्या. "जिला स्वतःला धड कोट नाही, ती माझ्या पोराला काय सोडवणार?" असं तो चारचौघांत बोलला होता. मग त्याने कडक इस्त्रीच्या कोटातला मोठा वकील धरला.

"काका, काल तुरुंगात गेले होते, माझ्या पक्षकारांना भेटायला," बाई कोट पुढे करत म्हणाल्या. "तुमचा मुलगा भेटला. विचारत होता, आपले वकीलसाहेब दिसतात तरी कसे?"

केरबाने मान खाली घातली. कोटाचं दुसरं कोपरही टेबलावर लिहून लिहून विरलं होतं. कोट झिजतो तो वापरून, हे शिंप्याला दुसऱ्या कुणी सांगायला हवं होतं?

"उद्यापर्यंत द्याल ना?"

"आत्ताच देतो, ताई."

पण सुईत दोरा काही केल्या जाईना. शेवटी बाईंनीच तो ओवून दिला.