पोतंभर फक्की

जुन्या छपराचे पत्रे उतरवण्याची परवानगी टपालाने आली, तेव्हा शाळेच्या मैदानावर खो-खो रंगला होता. मोठ्या बाईंनी कागद वाचला: पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे आहेत, कापू नयेत, पाणी मारून अखंड उतरवावेत, त्यांची धूळ एकदा छातीत गेली की निघत नाही.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. परवानगीची वाट न बघता गावकऱ्यांनी रविवारी श्रमदान करून पत्रे करवतीने कापून काढले होते, आणि बाईंनीच त्यांना चहा पाजला होता.

“मामा, ती धूळ कुठे टाकलीत?” त्यांनी शिपायाला विचारलं.

“टाकतोय कशाला, बाई? पोतंभर पांढरट भुकटी निघाली. चाळून घेतली. मैदान आखायला यंदा फक्की विकत आणावी लागली नाही.”

बाई मैदानाकडे धावल्या. आखलेल्या रेषेवर सूर मारून उठलेली सातवीतली पोरगी पापण्यांपर्यंत पांढरी झाली होती.

“गडी बाद केला, बाई. बघितलंत ना?”

बाईंनी पदर तिच्या नाकातोंडावर दाबला. त्यांनी स्वतःचा श्वास केव्हाच रोखून धरला होता. पोरगी मात्र अजून धापा टाकत होती.