शिशाची पट्टी

“अहो, पॅडल अजून टोकाला जड लागतंय. थोडी पट्टी काढा ना,” बाकावर टेकत ती म्हणाली. पहिला गेम गेला होता. दुसराही गेला, तर सोसायटीच्या पिकलबॉल स्पर्धेतून दोघं बाहेर.

फटक्याला जोर यावा म्हणून त्यानंच तिच्या पॅडलच्या कडेला शिशाची पट्टी चिकटवली होती. तिचं मनगट थकू लागलं, तशी तुकड्यातुकड्यानं काढलीही. शेवटचा तुकडा मागच्याच महिन्यात निघाला होता.

तो पाठ फिरवून बसला. रिकामी कड नखानं खरवडत राहिला. “घे. आता बघ.”

तिनं कडेवरून अंगठा फिरवला. गुळगुळीत होती. मागच्या वेळीही अशीच होती.

“हं, झालं हलकं. आधीच नाही का काढायची?” म्हणत तिनं पॅडल दोन्ही हातांनी उचललं.