कमी झालेले मासे

माशांचा टँक धुवायचा म्हणून मल्हारने पाण्यात हात घालून लाकडाचा ओंडका उचलला, तसा त्यामागून कॅटफिश बाहेर आला. दिवसाउजेडी तो कधी दिसायचाच नाही. गणपतीच्या सुमारास आणला तेव्हा बोटाएवढा होता. आता चांगला दीड वीत झाला होता. पोट टम्म फुगलेलं. मिशांखालच्या रुंद तोंडातून एक नारिंगी शेपटी लोंबत होती. काल संध्याकाळपर्यंत तो गोल्डफिश टँकमध्ये फिरत होता.

मल्हारने ओंडका होता तसा परत ठेवून दिला.

स्वयंपाकघरात मैत्रेयी कुकर लावत होती. खाली रस्त्यावर भाजीवाल्याचा भोंगा कन्नडमधून कांदे-टोमॅटो पुकारत होता. कुणी काही पाहिलं नव्हतं.

महिनाभर मासे कमी होत होते. मेलेले सापडत नव्हते, नुसते कमी होत होते. त्यांना खाणं घालायचे मैत्रेयीचे वडील. नागपूरहून इथे एचएसआरला लेकीकडे राहायला आल्यावर एवढं एकच काम त्यांनी आपणहून मागून घेतलं होतं. मल्हारनेच जेवताना विषय काढला होता. "बाबा, खाणं जास्त पडलं की मरतात ते. मरू देत, त्याचं काही नाही. पण गुपचूप टाकून देऊ नका. सांगत जा."

बाबांनी उचललेला घास ताटात ठेवला होता. "मी नाही टाकले."

"मग गेले कुठे?"

एकेक मासा जात राहिला आणि मल्हार दर वेळी तेच विचारत राहिला. बाबांचं 'नाही' बारीक होत गेलं. मग ते 'टाकलेही असतील' म्हणू लागले. मग 'आठवत नाही बुवा.' ते एकटे फिरायला जाईनासे झाले, चहापुरता गॅस पेटवायलाही बिचकू लागले. मैत्रेयी घाबरली. उद्या त्यांना मारतहळ्ळीला मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं.

कॅटफिश देताना दुकानदार म्हणाला होता, "शांत आहे सर, तळाशी पडून असतो. स्वल्प वाढेल." पण मल्हारने घरी येऊन मोबाइलवर वाचलं होतं. दिवसभर लपतो, रात्री शिकार करतो, तोंडात मावेल ते गिळतो. मोठा झाला की परत देऊन टाकू, असं त्याने तेव्हा ठरवलं होतं. आणि तो विसरून गेला होता.

कोपरापर्यंत ओला हात घेऊन तो तसाच उभा राहिला. संध्याकाळी मासा गुपचूप दुकानात देऊन आलं तर? तपासणीचं काय, या वयात एकदा झालेली बरीच. हे सगळं आपल्याला किती झटकन सुचलं, हे लक्षात आलं तेव्हा त्याचे कान तापले.

"मल्हारराव."

बाबा हॉलच्या दारात उभे होते. हातात कोरडा टॉवेल होता. आत मात्र येत नव्हते.

"हात पुसायला आणला. तिथवर आलो तर चालेल ना?"

मल्हारला त्यांच्याकडे बघवेना. "या ना बाबा," तो म्हणाला, आणि त्याने ओंडका पुन्हा उचलला.

शेपटी अजून तशीच लोंबत होती. बाबा वाकून बघू लागले. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला, परत लावला, आणि पुन्हा वाकले.

"हाच खात होता," मल्हार म्हणाला. "रात्री. हा असा असतो हे मला माहीत होतं बाबा. मी वाचलं होतं. मीच विसरलो. तुम्ही काहीच केलं नव्हतंत, आणि मी तुम्हाला..."

मैत्रेयी कधी येऊन दारात उभी राहिली ते त्याला कळलं नाही. ती त्याच्याकडे बघत नव्हती. वडिलांकडे बघत होती.

बाबा रागावतील, निदान सुटल्यासारखं हसतील, असं मल्हारला वाटलं होतं. ते सावकाश सोफ्याच्या कडेवर टेकले. टॉवेल मांडीवर ठेवून उजव्या हाताचा तळवा निरखत राहिले.

"मला तर आठवायला लागलं होतं, मल्हारराव," ते म्हणाले. "पहाटे उठून एक मासा काढला. कागदात गुंडाळला, खाली नेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकला. हाताला तो गार लागला होता, तेसुद्धा आठवतंय."