झिजेची चाचणी

हजेरीच्या यंत्रांच्या प्लास्टिकच्या डब्यांना लावायचा टिकाऊ कोट एरंडाच्या तेलापासून बनवायचं तिने डोक्यात घेतलं, तेव्हा अख्ख्या प्रयोगशाळेने तिचं नाव 'एरंडेलताई' ठेवलं. "पोट साफ करणारं तेल ते, डब्याला काय चमक देणार!" म्हणून सगळे खिदळायचे. पण कोट टिकला तर तिची कंत्राटी नोकरी कायम होणार होती, म्हणून ती सगळं हसण्यावारी न्यायची.

झीज तपासायला रबरी बोटाने घासणारं मशीन होतं, पण साहेबांना ते पटेना. "रबरी बोटाला घाम येतो का ताई? हजेरीचं यंत्र माणसं हाताळतात. माणसाच्या बोटांनी घासून दाखवा!" मग काय, बाई रोज बोटांना बारीक रेती चोळून नमुन्याचे डबे घासत बसायची. बोटांची सालं निघाली, पण वर्षभराने तो हट्टी कोट तस्साच चकाकत होता.

नेमणुकीच्या दिवशी त्याच कोटाचं नवंकोरं हजेरीचं यंत्र साहेबांनी तिच्यापुढे धरलं. "लावा अंगठा, की झालात कायम!" तिने उजवा लावला, डावा लावला, मग दहाही बोटं लावून पाहिली. यंत्राचं आपलं एकच पालुपद, "ओळख पटली नाही." तिने बोटं उजेडात धरली. गुळगुळीत! एक रेघ शिल्लक नव्हती.

"नियम आहे हो, ठशाशिवाय नेमणूक होत नाही," साहेब हळहळले.

 

मग यंत्र रुमालाने पुसत म्हणाले, "पण कोट मात्र मानला हं ताई, जरासुद्धा झिजला नाही!"