अवजारं पूजेत आहेत

लॅपटॉपच्या झाकणावर हळदीकुंकवाची पाच बोटं ओढलेली होती. शेजारी मोबाइल, त्यावर झेंडूचं टपोरं फूल. मग वजनकाटा, कात्री, खुरपं आणि पाकिटं चिकटवायचा टेप. सगळं देवासमोर पाटावर ओळीने मांडलेलं, आणि अगरबत्तीचा धूर नेमका लॅपटॉपच्या जाळीतून आत चाललेला.

दूध आणायला खाली गेलेली स्वरूपा दारातच थबकली. पावणेअकरा वाजले होते. अकराला तिची विक्री सुरू व्हायची होती.

"आबा, हे काय केलंत?"

"खंडेनवमी न्हवं का!" सासरे भलतेच खुशीत होते. धुवट धोतर, कपाळाला गंध. "पुजलं तुजं सामान. आता उद्यापातुर हात लावायचा न्हाई."

मोशीतल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून स्वरूपा 'गॅलरीतलं शिवार' नावाचा ब्लॉग चालवायची. कुंडीत मेथी कशी पेरायची, ग्रिलवर घेवडा कसा चढवायचा, असलं लिहायची आणि गावरान बियाण्यांची पाकिटं ऑनलाइन विकायची. बी निवडून द्यायचे आबा; ते आपलं वेळ जात नाही म्हणून, असं त्यांचं म्हणणं. हिवाळी बियाण्यांची विक्री वर्षातली सगळ्यात मोठी. 'नवमीला सकाळी अकरा वाजता' असं ती पंधरा दिवस वाचकांना बजावत होती. दिवस चांगला म्हणून तारीख तिनेच काढलेली, आता बोल कुणाला लावणार! नवरा जयदीप चाकणला कंपनीतल्या पूजेला गेला होता. तिथेही नारळ फुटला की मशीन बंद. पुजलेल्या अवजाराला त्या दिवशी कामाला लावायचं नाही, हे या पट्ट्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मोबाइल थरथरला. फूल घसरून पडलं.

"वाजू दे," आबांनी फूल उचलून परत जागेवर ठेवलं. "देवापुढं हाय."

"अहो आबा, पण आज माझी..."

"ठावं हाय मला, तू इचारात पडलीस. म्हाताऱ्याला आजच कसं सुचलं म्हनून." आबा भिंतीला टेकून बसले. "जमीन गेल्यापासनं नवमीला ह्यो पाट रिकामाच असायचा. काय पुजायचं, टीव्हीचा रिमोट? आन मी समद्यांस्नी सांगत सुटलो, सून दिसभर मोबाइल खेळती. परवा देवळापाशी चिखलीचा एकजण भेटला. म्हनला, तुमच्या सुनंचं वाचून गच्चीवर वाल काढला, पाटीभर निघाला. तवा माज्या टकुऱ्यात उजेड पडला. म्हनलं, आरं, हे तर पोरीचं औत हाय!"

जेवताना कितीदा तरी स्वरूपाने आबांना ऑर्डरींचे आकडे सांगितले होते, आणि दर वेळी आबांनी आमटी वाढायला सांगितली होती. जे ऐकायला तिचे कान आसुसले होते, ते आज मिळालं. आजच मिळायचं होतं.

ती तशीच बाहेर आली. समोरच्या फ्लॅटमधली प्राजक्ता आपल्या दारात उभीच होती. ऑर्डरी उतरवायला ती मदत करायची, त्यामुळे ब्लॉग आणि दुकान तिच्या फोनवरूनही चालवता यायचं.

"वहिनी, अकराला दहा कमी! लोक विचारायला लागलेत. फोन कुठाय तुमचा?"

स्वरूपाने सगळं सांगितलं. प्राजक्ता हसली आणि स्वतःचा फोन पुढे केला. "एक बटण तर दाबायचंय. आबांना कळणारसुद्धा नाही."

खरंच, कळलं नसतं. आणि आज माघारी गेलेलं गिऱ्हाईक परत येईलच याची काय खात्री? ऐन वेळी दार लावून घेणाऱ्या दुकानात कोण जातं? पाकिटं भरण्यात महिना गेला होता. स्वरूपाने अंगठा बटणावर नेला.

उघड्या दारातून आबा दिसत होते. लॅपटॉपवर पडलेली अगरबत्तीची राख त्यांनी हलक्या फुंकरीने उडवली. मग धोतराच्या सोग्याने कडा पुसून घेतली.

अंगठा मागे आला. स्वरूपाने लिहिलं, 'आज खंडेनवमी. माझ्या सासऱ्यांनी माझी अवजारं पुजली आहेत. दुकान उद्या अकराला उघडेल.' आणि विचार बदलायच्या आत ते पाठवूनही दिलं.

प्राजक्ताने कपाळावर हात मारला.

पहिलं उत्तर आलं, 'पंधरा दिवस वाट पाहिली. आता नको.' मग बराच वेळ काहीच नाही. मग दापोडीच्या एका बाईंनी फोटो पाठवला: गॅलरीतली कुंडी, तिला टेकवलेलं खुरपं, खुरप्याला कुंकू. 'आमचंही पूजेत आहे. उद्या येतो.' पाठोपाठ आणखी दोन फोटो.

"वहिनी, एकाने झारी पुजलीय!" प्राजक्ता खिदळत होती.

स्वरूपा हसतच घरात आली. दुधाची पिशवी अजून हातातच होती.

"काय गं," आबांनी विचारलं, "आठवड्याची सुट्टी कवा असती तुज्या कामाला?"

"सुट्टी नसतेच, आबा."

"आसं कसं? जयदीपच्या कंपनीला गुरवार हाय. तूबी गुरवार घे."

आजवर हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. डोळे भरून आले, तशी ती पाठ करून उगीचच पातेलं शोधू लागली. "गुरुवारी जमायचं नाही हो. पार्सलं न्यायला कुरिअरवाला येतो."

"यीना का," आबा म्हणाले. "त्याला मी सांगतो, आज आमाला सुट्टी हाय."